तक्रारीचे काम होते तेव्हा

महापालिकेकडे जाणाऱ्या नागरिकाला जे हवे असते आणि महापालिकेला जे देता येते, त्या दोन गोष्टी मुळातच एका जातीच्या नाहीत. नागरिकाला नळाला पाणी हवे असते, बोळातला अंधार जायला हवा असतो, शाळेत जाणाऱ्या मुलाला रस्ता धडपणे ओलांडता यायला हवा असतो. महापालिका यांपैकी काहीच थेट देत नाही. ती कामे करते, आणि तिच्या लेखी काम म्हणजे ज्याला हद्द आहे, खाते आहे, अंदाजपत्रकात लेखाशीर्ष आहे, पूर्वगणनपत्रक म्हणजे खर्चाचा आगाऊ अंदाज आहे आणि शेवटी कोणाची तरी सही आहे, अशी गोष्ट. तक्रारीचे असे काम होईपर्यंत ती कितीही खरी आणि कितीही जुनी असली तरी कार्यालयाला ती नुसती ऐकू येते. पुण्याच्या क्षेत्रीय कार्यालयांतून आणि तेथे येरझाऱ्या घालणाऱ्या नागरिकांच्या व्यवहारातून हे रूपांतर कसे घडते, कोणाला जमते आणि कोणाला जमत नाही, हे जवळून पाहता येते.

पुणे महापालिकेची पंधरा क्षेत्रीय कार्यालये आहेत. कसबा-विश्रामबागवाडा, भवानी पेठ अशा जुन्या वस्तीपासून औंध-बाणेर, कोंढवा-येवलेवाडी, नगर रोड-वडगावशेरी अशा पसरत गेलेल्या कडेपर्यंत प्रत्येकाचा परिसर ठरलेला असून प्रत्येकावर एक महापालिका सहायक आयुक्त असतो. झाडलोट, किरकोळ दुरुस्ती, फूटपाथ, अतिक्रमण यांसारखी रोजची कामे येथून चालतात. पाणीपुरवठा, पथ, मलनिःसारण, विद्युत, उद्यान यांची खाती मात्र मुख्य इमारतीतून चालतात आणि त्यांचे अभियंते वेगळ्या साखळीत बांधलेले असतात. एकाच इमारतीत बसणारे दोन अभियंते दोन वेगळ्या वरिष्ठांना उत्तरदायी असतात, ही गोष्ट बाहेरच्या फलकावरून कोणालाही कळत नाही.

आवक-जावकची खिडकी

तक्रारीचा औपचारिक जन्म आवक-जावक विभागाच्या टेबलावर होतो. अर्ज दोन प्रतींत न्यायचा, एक प्रत कार्यालयाने ठेवायची आणि दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का, तारीख व आवक क्रमांक घालून ती परत द्यायची, ही पद्धत जुनी आहे, आणि त्या परत मिळालेल्या प्रतीला पोच म्हणतात. अनुभवी नागरिक पोच मिळाल्याशिवाय टेबल सोडत नाही. नवखा मात्र साहेबांच्या हाती अर्ज देऊन, त्यांनी तो वाचून मान हलवल्याच्या समाधानात घरी जातो. पुढच्या खेपेला त्याला पहिला प्रश्न येतो तो आवक क्रमांकाचा, आणि तो नसल्यामुळे अर्ज नव्याने लिहावा लागतो.

जुने अर्जदार आणखीही काही गोष्टी पाळतात. एका अर्जात एकच विषय मांडतात, कारण दिवा, खड्डा आणि गटार एकाच कागदावर लिहिले तर तो कागद तीन खात्यांकडे जाण्याऐवजी कोणाच्याच टेबलावर थांबत नाही. जागा सांगताना घर क्रमांक देतातच, पण दिव्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांकही लिहितात, कारण विद्युत विभागाच्या माणसाला घर माहीत नसते, खांब माहीत असतो. अर्जाच्या तळाशी वरिष्ठाला माहितीस्तव प्रत असल्याची ओळ घालतात. ती प्रत वरिष्ठ वाचतोच असे नाही, पण ती गेली आहे हे कनिष्ठाला ठाऊक असते. हे ज्ञान कुठल्याही पुस्तिकेत छापलेले नाही. ते बहुधा बँक, शाळा, टपालखाते किंवा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या माणसांकडे असते, आणि सोसायटीच्या अर्जांवरचे अक्षर ज्येष्ठ नागरिकाचे असते त्याचे कारण निवृत्तांना वेळ असतो एवढेच नाही: कचेरी कशी चालते हे त्यांनी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलेले असते.

मोबाइल ॲपवरच्या तक्रारींनी ही पायपीट कमी केली, छायाचित्र जोडण्याची सोय केली आणि तरुणांना या व्यवहारात आणले, हे मान्य करावे लागते. परंतु ॲपवरील तक्रार बंद होण्याचा निकष आणि गल्लीतील अडचण दूर होण्याचा निकष एकच असेल, अशी हमी तेथे नसते. तक्रार संबंधित खात्याकडे पाठवली, एवढ्या शेऱ्यावरही ती निकालात निघू शकते, आणि निकाली निघालेल्या तक्रारीला पुन्हा तोंड फोडणे हे नवी तक्रार करण्यापेक्षा अवघड असते.

हद्द कोणाची

तक्रारीला मिळणारे सर्वांत सामान्य उत्तर नकाराचे नसते. ते आमच्याकडे येत नाही, असे असते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. झाडाची फांदी पथदिव्यावर आली आणि रस्ता अंधारात गेला, तर दिवा विद्युत विभागाचा, झाड उद्यान विभागाचे, जवळून जाणारी तार महावितरणची आणि फांदी तोडण्याची परवानगी १९७५च्या झाडांचे जतन करण्याच्या राज्य कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची. तक्रारदाराला अंधार एकच दिसतो. चौकातला सिग्नल महापालिका बसवते, पण तो कुठे हवा आणि कसा चालवायचा याचा निर्णय वाहतूक पोलिसांच्या अभिप्रायावर अवलंबून असतो. छावणी मंडळाची वेस ओलांडली की महापालिकेचा अर्ज निरुपयोगी होतो. नऱ्हे-धायरीच्या बाजूला नवले पुलाच्या उतारावर वर्षानुवर्षे अपघात होत आले, परंतु तो बाह्यवळण मार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असल्याने तेथील रहिवाशांना महापालिका, प्राधिकरण आणि वाहतूक पोलीस अशा तीन दारांशी एकाच वेळी उभे राहावे लागले.

हद्दीचा प्रश्न केवळ त्रासदायक नसून जिवावर बेतणारा असू शकतो, हे आंबिल ओढ्याने दाखवून दिले. कात्रजकडून निघून पद्मावती, सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा उतरत मुठेला मिळणारा हा ओढा २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री काठच्या वस्त्यांत आणि सोसायट्यांत शिरला. त्या पावसात शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. ओढ्याकाठच्या अनेक सोसायट्यांच्या सीमाभिंती वाहून गेल्या आणि पुढच्या पावसाळ्याआधी त्या बांधून द्याव्यात, अशी रहिवाशांची साधी मागणी होती. तिच्यापुढे उभा राहिलेला प्रश्न असा, की भिंत सोसायटीच्या खासगी जागेत येत असेल तर तिच्यावर सार्वजनिक पैसा खर्च करता येतो का. रहिवाशांचे म्हणणे, ही कुंपणाची भिंत नाही, ही ओढ्याची भिंत आहे; प्रशासनाची अडचण, की लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर उत्तर कोणी द्यायचे. दोन्ही बाजूंना आपापल्या जागी आधार होता, आणि म्हणूनच वादात पावसाळ्यामागून पावसाळे गेले. अधिकाऱ्यांना माणुसकी नाही असे म्हणून येथे भागत नाही. सहीची जोखीम सही करणाऱ्याच्या एकट्याच्या माथी आणि सही न करण्याची जोखीम कोणाच्याच माथी नाही, अशी व्यवस्थेची मांडणी आहे, आणि रहिवाशांचा खरा झगडा तिच्याशी असतो.

म्हणूनच जाणत्या मंडळींचा सगळा भर संयुक्त स्थळपाहणीवर असतो. संबंधित सर्व खात्यांच्या कनिष्ठ अभियंत्यांना एकाच वेळी एकाच जागी उभे करणे, यालाच हे नाव. कागदावर जी टोलवाटोलवी महिनोन्‌महिने चालते ती उघड्या चेंबरच्या तोंडाशी अर्ध्या तासात संपू शकते, कारण आत वाहणारे पाणी पिण्याच्या वाहिनीचे की सांडपाण्याचे, हे तेथे डोळ्यांना दिसते. जुन्या पेठांत तर कोणती वाहिनी कोठून वळते हे नकाशापेक्षा तेथे वर्षानुवर्षे राबलेल्या बिगाऱ्याला आणि पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हमनला अधिक नेमके ठाऊक असते. अभियंत्याची बदली होते, व्हॉल्व्हमन बहुधा त्याच भागात राहतो. पाणी कमी दाबाने येत असल्याची तक्रार करणाऱ्या बायका अर्ज लिहिण्याआधी त्याच्याशी बोलतात, आणि कोणती चावी किती फिरवली गेली याचा हिशेब त्यांच्याकडे कोणत्याही नोंदवहीइतका पक्का असतो.

महिन्याची सभा

पुण्यातील क्षेत्रीय कार्यालयांत महिन्यातून एकदा मोहल्ला समितीची सभा घेण्याचा प्रघात आहे. परिसरातील नागरिक एका बाजूला, निरनिराळ्या खात्यांचे प्रतिनिधी दुसऱ्या बाजूला आणि मध्ये सहायक आयुक्त, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप असते. सभा सुरू होते ती मागील सभेच्या इतिवृत्ताने, म्हणजे गेल्या वेळी काय ठरले होते त्याच्या लेखी नोंदीने. सभेचा प्राण या इतिवृत्तातच असतो. जेथे नागरिकांनी त्याचा आग्रह धरला तेथे प्रत्येक विषयापुढे खाते, तारीख आणि झालेली कार्यवाही लिहिली जाते आणि अपूर्ण विषय पुढच्या महिन्यात आपोआप वर येतात; जेथे हा आग्रह सुटला तेथे सभा दर महिन्याला पहिल्यापासून सुरू होते आणि तेच गाऱ्हाणे तितक्याच तावातावाने नव्याने सांगितले जाते.

सभेला कोण येतो, यावर तिचे बरेच काही ठरते. खात्याने निर्णय घेऊ शकणारा अभियंता पाठवला तर कामाला तारीख मिळते. नवा रुजू झालेला मुलगा पाठवला तर तो सर्व लिहून घेतो आणि साहेबांना सांगतो म्हणतो. साहेब साइटवर गेले आहेत, हे वाक्य या सभांत इतके परिचित आहे, की ते ऐकताना कोणी आता रागावतही नाही. समोरच्या खुर्च्यांत सोसायट्यांचे अध्यक्ष, निवृत्त अधिकारी, पर्यावरणाचे काम करणारे कार्यकर्ते असतात. धुणीभांडी करणारी, हातगाडी लावणारी, रोजंदारीवर जाणारी माणसे तेथे क्वचितच दिसतात, कारण त्यांच्या दृष्टीने कामाच्या दिवशीची सभा म्हणजे बुडालेली मजुरी. त्यामुळे फूटपाथवरील अतिक्रमण हटवा ही मागणी इतिवृत्तात ठळक येते आणि ज्याची हातगाडी हटायची आहे त्याचे म्हणणे तेथे उमटतच नाही. नागरिक या शब्दात कोण मोडतो, याचा निकाल सभेच्या वेळेनेच लावलेला असतो, ही या चांगल्या प्रथेची उणी बाजू सांगितली पाहिजे.

शासनाने दिलेले दुसरे व्यासपीठ म्हणजे लोकशाही दिन. महिन्याच्या पहिल्या सोमवारी वरिष्ठ अधिकाऱ्यांनी नागरिकांची गाऱ्हाणी समोरासमोर ऐकावीत, अशी ती योजना आहे. परंतु तिच्या नियमांनुसार विहित नमुन्यातील आणि वैयक्तिक स्वरूपाचीच तक्रार स्वीकारली जाते. घराच्या कराची आकारणी चुकली तर ती तेथे मांडता येते. पण रस्त्याला फूटपाथच नाही ही तक्रार कोणा एकाची वैयक्तिक कशी ठरणार? जे सर्वांचे आहे त्याला या नमुन्यात रकाना नाही.

पाच लाखांपर्यंतचे काम

तक्रारीची वाट टाळून थेट कामाची मागणी करता येईल, असा एक मार्ग पुणे महापालिकेने २००६ मध्ये खुला केला. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून रुजलेल्या लोकसहभागी अंदाजपत्रकाच्या कल्पनेवर तो आधारलेला होता. नागरिकाने आपल्या भागात हवे असलेले काम ठरावीक अर्जात लिहून क्षेत्रीय कार्यालयात द्यायचे, अभियंत्यांनी ते करण्याजोगे आहे का ते पाहून खर्च काढायचा, प्रभागाच्या वाट्याच्या रकमेत बसणारी कामे निवडायची आणि ती पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात घालायची, असा हा क्रम. एका कामाची मर्यादा पाच लाख रुपये. २०२५-२६चे महापालिकेचे अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचे होते, हे लक्षात घेतले की नागरिकाच्या वाट्याला आलेल्या अधिकाराचे माप कळते.

या पाच लाखांत काय बसते? तुटलेल्या फूटपाथचा एक तुकडा, काही दिवे, बसायची बाके, दिशाफलक, पावसाळी पाण्याला वाट देणारी छोटी जाळी. ज्या प्रश्नांनी माणसे खरोखर गांजलेली असतात, म्हणजे पाणी, मैलापाणी, वाहतूक, ते या मापात मावत नाहीत. तरीही या योजनेने एक गोष्ट शिकवली: मागणी मोजमापासह करावी लागते. फूटपाथ खराब आहे असे लिहिणाऱ्या अर्जाचे काही होत नाही. अमुक दुकानापासून अमुक फाटकापर्यंतचा इतक्या मीटरचा फूटपाथ, त्यावर अडथळा करणारा वीजपेटीचा चौथरा आणि चाकाच्या खुर्चीसाठी हवा असलेला उतार, एवढे लिहिणारा अर्ज पूर्वगणनपत्रकाच्या निम्म्या वाटेवर आधीच पोचलेला असतो.

मंजुरी मिळाल्याने काम झाले असे मात्र नाही. अंदाजपत्रकात तरतूद, मग प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यादेश म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करण्याचे लेखी पत्र, या टप्प्यांत वर्ष सरत जाते. मधेच वर्गीकरण होऊ शकते, म्हणजे एका कामासाठी ठेवलेली रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवली जाते, आणि ज्याने अर्ज केला होता त्याला ते कोणी कळवत नाही. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची वेगळी 'स' यादी असे. नागरिकांची कामे आणि ही यादी यांच्या ओढाताणीत कोणाची सरशी होत असे, हे पुणेकरांना सांगायला नको. एकाच सोसायटीच्या दारात नावासकट तीन-तीन बाके कशी आली याचे उत्तरही तेथेच सापडते.

सोमवारी तीन ते पाच

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ मध्ये लागू झाला आणि या व्यवहारातील बळाचा तोल थोडा हलला. तीस दिवसांत उत्तर मिळण्याचा हक्क आला हे तर झालेच, पण पुण्यातील कार्यकर्त्यांनी त्यातील एका कमी वापरल्या जाणाऱ्या तरतुदीवर अधिक भर दिला: नक्कल मागण्याऐवजी मूळ अभिलेख प्रत्यक्ष पाहणे. पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांना फायली पाहू देण्याची प्रथा पडली, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत ती लागू करण्याचा निर्णय काढला.

फाईल पाहायला बसलेला माणूस काय शोधतो? उकरलेल्या रस्त्याच्या बाबतीत तो मोजमाप पुस्तक मागतो, ज्यात झालेल्या कामाची लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते आणि ज्यावर ठेकेदाराचे देयक ठरते. तो दोषदायित्व कालावधी पाहतो, म्हणजे काम पूर्ण झाल्यावर ज्या मुदतीत निघालेली खराबी ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते ती मुदत. हा एक तपशील हाती आला की अर्जाची भाषाच बदलते. खड्डे बुजवा ही विनंती राहत नाही. अमुक कार्यादेशाखालील रस्ता दायित्वाच्या मुदतीत उखडला असून ठेकेदाराला नोटीस दिली काय, असा प्रश्न तयार होतो, आणि त्याला लेखी उत्तर द्यावे लागते. अभियंत्यांपैकी काहींना हा जाच वाटतो. काहींना तो मनातून हवाही असतो, कारण वरून येणारा दबाव परतवायला नागरिकाचा लेखी प्रश्न हे त्यांच्यापाशी असलेले एकमेव सभ्य निमित्त असते.

नगरसेवक नसलेली वर्षे

या सर्व खटाटोपाला एक जुना आणि जवळचा पर्याय होता, तो म्हणजे नगरसेवक. त्याच्याकडे अर्ज लागत नसे; सकाळी संपर्क कार्यालयात जाऊन सांगितले की तो तेथूनच अभियंत्याला फोन लावी. २०१७च्या निवडणुकीत बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे झाले, एकूण १६२ नगरसेवक निवडून आले आणि एका खड्ड्याला चार धनी मिळाले. त्यामुळे श्रेय घ्यायला चौघे आणि जबाबदारीच्या वेळी एकही नाही, ही तक्रार सुरू झाली. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांच्या न्यायालयीन वादात निवडणुका अडकल्या आणि जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत महापालिकेचा कारभार प्रशासक म्हणून आयुक्तांच्या हाती राहिला.

या काळात रस्ते झाले नाहीत किंवा पाणी थांबले असे नाही. बदल झाला तो तक्रारीच्या वाटेत. माजी नगरसेवकाचा फोन अभियंता घेई, पण ते आता सौजन्य होते. प्रभाग समित्या उरल्या नाहीत, प्रश्न विचारायला सभागृह उरले नाही. सुशिक्षित सोसायट्यांनी अर्ज, माहिती अधिकार, वृत्तपत्रे आणि प्रसंगी उच्च न्यायालय अशी आपली वाट काढली. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या नियोजित रस्त्याला झालेला विरोध आणि नदीकाठ विकासातील वृक्षतोडीविरुद्धचे मोर्चे याच काळातले. वस्तीतल्या माणसाचा मात्र नगरसेवक हाच एकमेव दुभाष्या होता, आणि तो गेल्यावर त्याचे म्हणणे कागदाच्या भाषेत मांडणारे कोणी राहिले नाही.

ग्रामसभा गेली, क्षेत्रसभा आली नाही

सर्वांत विचित्र अवस्था झाली ती शहरात घेतलेल्या गावांची. २०१७ मध्ये अकरा आणि जून २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेत आली आणि क्षेत्रफळाने ती राज्यातील सर्वांत मोठी महापालिका ठरली. खेड्यातल्या माणसाला ग्रामसभा होती. वर्षातून अनेकदा कायद्यानेच भरवावी लागणाऱ्या त्या सभेत उभे राहून सरपंचाला आणि ग्रामसेवकाला पाण्याच्या टाकीचा जाब विचारता येई. महापालिकेत आल्यावर ती गेली. तिच्या जागी शहरासाठी क्षेत्रसभेची तरतूद आहे: प्रभागातील मतदारांची छोट्या भागानुसार सभा, जिने कामे सुचवावीत आणि सेवांवर लक्ष ठेवावे, असा कायदा महाराष्ट्राने २००९ मध्ये केला, तो जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाच्या अटीपोटी. तो कागदावर आहे; सभा भरत नाहीत. २०२१ मध्ये आलेल्या गावांना तर वर्षभरात प्रशासक मिळाला, त्यामुळे निवडणूक होईपर्यंत त्यांच्याकडे ना सरपंच राहिला, ना नगरसेवक आला.

जानेवारी २०२५ मध्ये शहरात घेतलेल्या गावांपैकी नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे मज्जातंतूंवर आघात करून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे, रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि संशय पाण्यावर गेला. तेव्हा शहरभर कळले, की या भागातील काही गावांना विहिरीचे पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता केवळ क्लोरिन मिसळून दिले जात होते. त्यानंतर नमुने तपासले गेले, टँकरचे पाणी तपासले गेले, खासगी आर.ओ. प्रकल्पांवर कारवाई झाली.

उरुळी देवाची आणि फुरसुंगी यांनी निराळाच मार्ग धरला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे सोसलेल्या या गावांनी महापालिकेत आल्यावर वाढलेला मिळकतकर आणि न पोचलेल्या सेवा यांचा हिशेब मांडून बाहेर पडण्याची मागणी लावून धरली, आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. कचरा डेपो मात्र महापालिकेकडेच आहे. त्याच्या दुर्गंधीची तक्रार आता गावाच्या नगरपरिषदेकडे केली तर तिला पुण्याला पत्र लिहावे लागेल, आणि थेट पुण्याला केली तर तक्रारदार महापालिकेच्या हद्दीतला नसेल.